वहीतली दोन पाने

गेल्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठातली समाजशास्त्राची एम.ए.ची विद्यार्थिनी ओजेटीसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणासाठी, गुरुग्रामला गेली. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या, म्हणजे सीएसआर, प्रकल्पांचे मूल्यमापन करणाऱ्या एका संस्थेत तिला जागा मिळाली होती. काम नूह जिल्ह्यात, म्हणजे जुन्या मेवातात. शिवणकाम शिकलेल्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्या. हातात टॅब, त्यात हिंदी प्रश्नावली, दिवसाला दहा घरे. परत आल्यावर तिने विभागात प्रमाणपत्र दिले, 4 श्रेयांक पडले, विषय संपला.

पुढे काही महिन्यांनी भेटली तेव्हा तिने मला स्वतःची वही दाखवली. दोनच पाने होती. सासू बाजेवर बसलेली असली की ‘कमाईचे पैसे कुणाच्या हातात राहतात’ या प्रश्नाला एक उत्तर येते, आणि सासू आत गेली की दुसरे. बायका मेवातीत बोलत, टॅबला हिंदी लागे. मधले भाषांतर हीच करी, आणि त्यात काय गळते ते तिने उदाहरणांसह टिपले होते. टॅबमध्ये या नोंदींना रकाना नव्हता. तिच्या विभागाच्या अहवालाच्या छापील नमुन्यातही नव्हता. त्या सबंध उन्हाळ्यातले खरे समाजशास्त्र त्या दोन पानांत होते, आणि ती पाने तिच्याकडे कुणी मागितलीच नव्हती.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात एम.ए.च्या पहिल्याच वर्षी 4 श्रेयांकांचे, म्हणजे 120 तासांचे, ओजेटी किंवा क्षेत्र-प्रकल्प आला. दुसरीकडे 2013च्या कंपनी कायद्याने सीएसआरचा खर्च बंधनकारक केला आणि 2021च्या दुरुस्तीने मोठ्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापनही. त्यामुळे घरोघर जाऊन विचारपूस करू शकणाऱ्या तरुणांना दिल्ली-गुरुग्राम-नोएडात मागणी वाढली. परदेशी देणगीच्या कायद्यात 2020मध्ये बदल झाला आणि स्वयंसेवी संस्थांच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. प्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या रिकाम्या खुर्चीवर इंटर्न बसवणे संस्थांना त्यानंतर जास्त सोयीचे झाले, असे माझे मत आहे. दिल्लीत जायला मुले उत्सुक असतात आणि त्यात गैर काही नाही. राजपूर रोडवरचे 1963पासूनचे समाजविज्ञान-संशोधनाचे सीएसडीएस, स्त्री-अभ्यासाचे सीडब्ल्यूडीएस, मंत्रालये, नीती आयोग, हे सारे एकाच शहरात आहे.

पण तिथे राहायचे कशावर? नीती आयोगाची इंटर्नशिप बिनपगारी. ऑक्टोबर 2024मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत सुरुवातीला महिना 5,000 रुपये मिळत, पण पूर्णवेळ शिकणारा विद्यार्थी तिथे पात्र नव्हता, आणि एम.ए.ची पदवी हातात आली की त्या कारणाने पुन्हा अपात्र ठरे. उत्तर दिल्लीत खोली घेऊन गुरुग्रामला रोज मेट्रोने जायचे तर स्मार्ट कार्डची सवलत धरूनही महिन्याला अडीच हजार रुपये नुसत्या प्रवासात जातात. त्याच दिल्लीत अकुशल कामगाराचे किमान वेतन महिना 18,000च्या वर आहे. म्हणजे परभणी-नंदुरबारच्या ज्या मुलाला गावगाडा आतून ठाऊक आहे तो घरी बसतो, आणि ज्याचा मामा दिल्लीतल्या द्वारकेत राहतो तो जातो. वर्ग आणि जात शिकवणाऱ्या विभागाने ही निवड मुकाट्याने चालू द्यावी हे मला सहन होत नाही. वेगळे करता येते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने मुलींसाठीच्या आपल्या इंटर्नशिपमध्ये दरमहा 20,000 रुपये, प्रवासखर्च आणि दिल्लीत राहण्याची सोय ठेवली होती.

समाजकार्याच्या शाळांकडून आपण समाजशास्त्रवाले काहीच शिकलो नाही. मुंबईची टिस 1936ची, दिल्ली स्कूल ऑफ सोशल वर्क 1946ची. तिथे क्षेत्रकार्य म्हणजे आठवड्याचे ठरलेले दिवस, लिहिलेला वृत्तांत, आणि तो वाचून विद्यार्थ्याशी समोरासमोर बोलणारा शिक्षक. आपण त्याला ‘उपयोजित’ म्हणून बाजूला ठेवले. वास्तविक मुंबई विद्यापीठातल्या घुर्यांचे विद्यार्थी श्रीनिवास 1948मध्ये म्हैसूरकडच्या रामपुऱ्यात जाऊन राहिले, आणि 1959मध्ये त्यांनी दिल्ली विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभा केला, तो क्षेत्राभ्यासाच्या पायावर. मुंबई-दिल्लीचा हा धागा आपण अभिमानाने सांगतो. मग आपल्याच विद्यार्थिनीची दोन पाने न वाचलेली का राहतात?

शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. निम्मा विभाग तासिका तत्त्वावर चालत असेल तर वीस विद्यार्थ्यांच्या वह्या कोण वाचणार? तरी आठवड्याला अर्धा तास फोन होऊ शकतो. प्रमाणपत्राबरोबर वही मागता येते. विद्यार्थ्याला पाठवण्याचे पत्र देण्यापूर्वी संस्थेचा करारनामा वाचता येतो. अनेक करारांत गोळा केलेली सगळी माहिती संस्थेच्या मालकीची ठरते आणि विद्यार्थ्याला प्रबंधिकेत ती वापरता येत नाही. स्वतःची निरीक्षणे, गावांची नि माणसांची नावे बदलून, वापरण्याची मुभा सहीच्या आधीच लिहून घ्यावी. सही झाल्यावर कुणी देत नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येक मुलीला निघण्यापूर्वी सांगितलीच पाहिजे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात, मोबदला मिळो वा न मिळो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्या अध्यक्षांचे नाव विभागाने आधी विचारून घ्यावे. मुलीने परक्या शहरात ते एकटीने शोधत बसू नये.

पुढच्या अंकापासून या मासिकात चार पाने आम्ही इंटर्नच्या वह्यांसाठी ठेवत आहोत. प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी वाचून, शेजारी स्वतःचे प्रश्न लिहून पाठवाव्यात. सुरुवात नूहच्या त्या दोन पानांनी होईल. विद्यार्थिनीने परवानगी दिली आहे.