‘पिशवी’ काढण्याआधी

वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचे एकदम उद्घाटन झाले, त्यांत वाशीमचे नाव होते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा. २०१८ मध्ये ‘आकांक्षित’ या गोड नावाखाली देशातल्या मागास जिल्ह्यांच्या यादीत गेला. त्याला हे मिळाले याचा आनंद आहेच. आता यंत्रे येतील, तज्ज्ञ येतील, अकोल्याच्या खेपा कदाचित कमी होतील. माझी अपेक्षा मात्र यंत्रांची नाही. बाईचे अंग बाहेर येते तेव्हा शस्त्रक्रियेखेरीज आणखीही काही करता येते, हे रिसोडपासून कारंजापर्यंतच्या बायकांना कोणीतरी समजावून सांगावे, एवढीच ती अपेक्षा आहे.

हा विषय रविवारच्या पुरवणीत, तोही एका पुरुषाने काढावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु आपल्याकडे बाईच्या शस्त्रक्रियेचा निर्णय आणि त्यासाठी लागणारा पैसा हे दोन्ही बहुधा पुरुषाच्या हातात असतात. तेव्हा निदान त्याने तरी हे वाचले पाहिजे.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तिन्ही अवयवांचा भार ती तोलते. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते, कधी फाटते. तिला पूर्ववत होण्यासाठी वेळ लागतो. तो न मिळता डोक्यावर पाण्याचा गुंड आणि सरपणाची मोळी आली, की ती सैल पडते. त्यात वर्षानुवर्षांचा खोकला असेल, बद्धकोष्ठ असेल, पाळी गेल्यानंतर ऊतींचा जोर ओसरला असेल, तर आतला अवयव हळूहळू खाली सरकतो आणि शेवटी योनीमार्गातून बाहेर डोकावू लागतो. यालाच आपल्याकडे ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. काही जणी ‘मायांग’ म्हणतात. बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये, हा जुना नेम आपण विटाळाच्या खात्यात टाकून दिला. त्यात शरीराला विसावा मिळत होता, हे विसरलो. अर्थात तो विसावा जमीन असलेल्यांच्या घरातच होता. सोयाबीनची सोंगणी ऐन भरात असताना मजूर बाईचा सव्वा महिना कोणी पाळला आहे? मातृवंदना योजनेतून पहिल्या खेपेला पाच हजार रुपये मिळतात. तेवढ्यात महिनाभराची मजुरीही जेमतेम भरून निघते.

मी या भागातल्या शाखांमध्ये बँकेची नोकरी केली. बचत गटांना कर्ज देण्याचे दिवस सुरू झाले तेव्हा गटांच्या बैठकांना जावे लागे. बायका सतरंजीवर बसलेल्या असत. एका बैठकीत एक चाळिशीची बाई दाराच्या चौकटीला टेकून उभीच होती. मी दोनदा बसायला सांगितले. तिसऱ्यांदा सांगितल्यावर दुसरीच एक म्हातारी म्हणाली, “तिले बसता येत नाई जी साहेब, अंग येते तिचं.” सगळ्या एकदम गप्प झाल्या आणि मी घाईघाईने रजिस्टर उघडले. पुढे कर्जाच्या अर्जांतला ‘प्रयोजन’ हा रकाना मी निराळ्या डोळ्यांनी वाचू लागलो. शेळ्या, शिलाई यंत्र, किराणा दुकान अशी प्रयोजने लिहिलेली असत आणि पैसा जाई दवाखान्यात. पीककर्जाचेही तेच. थकलेल्या खात्यामागे जाऊन चौकशी केली की नवरा सांगे, “पिशवी काढा लागली घरच्याईची.”

‘पिशवी’ हा शब्द मला कादंबरीकार म्हणून नेहमी खटकत आला आहे. पिशवी ही रिकामी झाली की घडी घालून ठेवायची किंवा फेकायची वस्तू. मुले झाली, नसबंदी झाली, म्हणजे पिशवीचे काम संपले. मग ती त्रास देत असेल तर ठेवायची कशाला? एका शब्दाने केवढा युक्तिवाद उरकून टाकला आहे! प्रत्यक्षात गर्भाशय काढल्याने स्नायूंची झोळी दुरुस्त होत नाही. झोळी सैलच राहिली, तर गर्भाशय काढल्यावर योनीचा वरचा भागही खाली येऊ शकतो. तरुणपणीच गर्भाशय काढले तर, बीजांडे जागेवर असली तरी, पाळी जाण्याचे बदल लवकर सुरू होण्याचा धोका वाढतो.

ऊसतोडीसाठी जाणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या बायकांची कहाणी २०१९ मध्ये गाजली. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्या साऱ्याच शस्त्रक्रिया अंग बाहेर येण्यासाठी नव्हत्या. पांढरे जाणे, रक्तस्राव, पोटदुखी अशी कारणे होती. पण मनाची वाट तीच: दुखते आहे तर काढून टाका. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश दिला. हे योग्यच झाले. परंतु ‘काढू नका’ एवढे सांगून भागत नाही. बाई घरी परत गेली तरी तिचे अंग बाहेर येतच राहते. मग काय करायचे, याचे उत्तर कोण देणार?

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ते संशोधन १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या आठ टक्के. त्या रोगांत जंतुसंसर्गाचा वाटा मोठा होता, हे खरे. मला महत्त्वाची वाटते ती त्या दोन आकड्यांमधली दरी. बाई एक तर सोसते, नाही तर थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाते. मधल्या पायऱ्याच नाहीत.

गंमत अशी की, गर्भाशय जागेवर राखण्याचा विचार आपल्याकडे परका नाही. गोव्याच्या शिरोड्यात १८९९ मध्ये जन्मलेले आणि मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गर्भाशयमुखाच्या टाक्यामुळे जगाला माहीत आहेत. पण खाली आलेले गर्भाशय पट्टीने वर बांधून ठेवण्याची त्यांची शस्त्रक्रियाही पाठ्यपुस्तकात आहे. पुरंदरे यांच्या नावाची तशीच एक शस्त्रक्रिया आहे. या मराठी शल्यविशारदांनी खटाटोप केला तो गर्भाशय वाचवण्यासाठी, कारण आपल्याकडे विशी-तिशीतल्या मुलींचे अंग बाहेर येते हे त्यांनी पाहिले होते. त्याच महाराष्ट्रात आज ‘पिशवी काढून टाका’ हा घरोघरचा उपाय व्हावा!

आता शस्त्रक्रियेशिवायच्या उपायांकडे येऊ. ते दोन आहेत, दोन्ही जुने आहेत आणि दोन्ही स्वस्त आहेत.

पहिला व्यायाम. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये त्याची पद्धत मांडली. लघवी आणि वारा एकाच वेळी रोखून धरताना जे स्नायू आत, वर ओढले जातात, ते आवळायचे; मनातल्या मनात पाच ते दहा अंक मोजायचे; मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, मूत्राशय रिकामे असताना. श्वास कोंडायचा नाही, पोट, मांड्या आणि नितंब आवळायचे नाहीत. लघवी करता करता धार तोडण्याची सवय लावू नये. ती स्नायू ओळखण्यापुरती एकदा ठीक. खोकला येण्याआधी किंवा गुंड उचलण्याआधी क्षणभर हे स्नायू आवळले, तर खाली येणारा दाब पेलला जातो. चुलीपुढे बसून, बसमध्ये, निंदणाच्या पातीवर, कुठेही हे करता येते आणि शेजारणीला पत्ता लागत नाही. ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या ४४७ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकवून, तपासून घेतलेल्या या व्यायामाने सोळा आठवड्यांत पाच भेटींत जे साधले, त्याचा फायदा वर्षानंतरही टिकलेला दिसला. मात्र ‘शिकवून’ हा शब्द महत्त्वाचा. अनेकींना आवळायचे सांगितले की त्या खाली जोर देतात, म्हणजे नेमके उलटे करतात. अंग पूर्ण बाहेर आलेले असेल, तर एकट्या व्यायामाने ते आत जाईल अशी आशा कोणी दाखवू नये.

दुसरा उपाय रिंगचा. डॉक्टर तिला पेसरी म्हणतात. प्राचीन ग्रीक वैद्य यासाठी अर्धे डाळिंब वापरत. आपल्याकडच्या म्हाताऱ्या लंगोटासारखी पट्टी कसून बांधत. कल्पना एकच, खालून आधार द्यायचा. आजची रिंग सिलिकॉनची किंवा प्लास्टिकची, लवचीक, चिमटली की अरुंद होणारी. तपासून योग्य मापाची निवडून ती योनीत बसवतात. बरोबर बसली तर ती आहे हेही जाणवत नाही. बाई चालते, शेतात वाकते, शौचाला बसते. नवराबायकोच्या संबंधांतही तिची अडचण येऊ नये. आली तर त्या वेळी काढून ठेवता येते. किंमत काही शे रुपयांपासून सुरू होते. ती काढणे, साध्या पाण्याने धुणे आणि परत बसवणे बहुतेक बायका शिकू शकतात. ब्रिटनमधल्या ३४० स्त्रियांच्या अभ्यासात, २०२३ मध्ये, असे दिसले की स्वतः रिंग सांभाळणाऱ्या बायका दवाखान्यात जाऊन ती बदलणाऱ्यांपेक्षा कुठे कमी पडल्या नाहीत. उलट त्यांच्यात गुंतागुंत कमी झाली.

रिंग ही काही जादू नव्हे. नेदरलँड्समध्ये ४४० स्त्रियांची शस्त्रक्रिया आणि पेसरी अशी तुलना झाली. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. दोन वर्षांनी पेसरीच्या गटातल्या ७६ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटातल्या ८२ टक्के स्त्रियांनी बरे वाटल्याचे सांगितले. पण पेसरीच्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणींनी मध्येच शस्त्रक्रिया करून घेतली होती. काहींना रिंग टोचते, काहींची निसटते. पाळी गेलेल्या बाईला सोबत इस्ट्रोजेनचे मलम लागू शकते. दुर्गंधी किंवा रक्तस्राव दिसला तर लगेच दाखवले पाहिजे. आणि विसरलेली रिंग ही गंभीर गोष्ट आहे. वर्षानुवर्षे तशीच राहिली तर आत व्रण पडतात, क्वचित मूत्राशयाला किंवा गुदाशयाला भोकही पडते. अंगावर जखमा झाल्या असतील, लघवी अडत असेल किंवा रिंग टिकतच नसेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते आणि चांगल्या हातून केलेली शस्त्रक्रिया बाईला नवे आयुष्य देते. माझे भांडण शस्त्रक्रियेशी नाही. ती पहिली पायरी व्हावी, याच्याशी आहे.

मी वाशीमच्या आणि एका तालुक्याच्या गावच्या औषध दुकानांत रिंग मागून पाहिली. एकाने बोटातली की कानातली असे विचारले. दुसऱ्याने मागवून देऊ म्हटले आणि कोणासाठी म्हणून माझ्याकडे निरखून पाहिले.

असे का व्हावे? चाळीस वर्षे हिशेब पाहिलेल्या माणसाला उत्तर खतावणीत सापडते. महात्मा फुले जनआरोग्य योजना असो वा आयुष्मान भारत, पैसे मिळतात ते रुग्णालयात दाखल झाल्यावर, ठरलेल्या उपचाराच्या ठरलेल्या दराने. शस्त्रक्रियेला खाते आहे. अर्धा तास बसून स्नायू कसे आवळायचे हे शिकवणाऱ्या परिचारिकेला खाते नाही. रिंग बसवणे, महिन्याने बोलावणे, मग तीन-चार महिन्यांनी पुन्हा पाहणे, यात कोणाचेच बिल होत नाही. ज्याची नोंद होत नाही ते काम कोणी करत नाही, हा बँकेचा नियम दवाखान्यालाही लागू आहे. यात एखाद्या डॉक्टरला खलनायक ठरवण्याची गरज नाही.

नेपाळचा अनुभव इथे पाहण्यासारखा आहे. डोंगरातल्या ओझ्यांमुळे तिथे हा आजार फार. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो स्त्रियांच्या प्रजनन-हक्काचा प्रश्न ठरवला. पुढे सरकारने शिबिरे भरवून शस्त्रक्रियांचा सपाटा लावला. रिंगाही वाटल्या, परंतु भर राहिला शस्त्रक्रियांच्या आकड्यावर. आजार होऊच नये यासाठीचे काम मागे पडले, अशी टीका २०१४ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने केली. आकडा मोजायला सोपा असला की सरकारे तोच मोजतात, काठमांडूत काय आणि मुंबईत काय.

आपल्याकडे माणसे नाहीत असे नाही. उपकेंद्रात एएनएम आहे, बऱ्याच ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, गावात आशाताई आहे. व्यायाम शिकवणे आणि मापाची रिंग बसवणे प्रशिक्षित परिचारिकेला जमते. परदेशात त्या हे करतातच. तपासणीचा आणि अवघड रुग्णांचा भार जिल्ह्याच्या महाविद्यालयाने उचलावा. प्रसूतीनंतरच्या भेटींत आशाताई बाळाचे वजन विचारते, तसे बाळंतिणीला ‘खाली काही जड वाटते का’ हेही विचारावे. त्यासाठी फॉर्मवर एक ओळ वाढवावी लागेल.

खरी अडचण मला निराळीच दिसते. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरची कुटुंबे दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. उपकेंद्राने दिलेली तपासणीची तारीख त्या वेळी कागदावरच राहणार. म्हणून या बायकांना रिंग काढून धुऊन परत कशी बसवायची, हे गाव सोडण्याआधी शिकवलेच पाहिजे आणि जिथे त्या जातील तिथल्या परिचारिकेला वाचता येईल असे कार्ड सोबत दिले पाहिजे. ज्यांना स्वतः काढता येत नाही, त्यांना रिंग द्यायची की नाही, हे परतीची तारीख विचारूनच ठरवावे लागेल.