मसुदा लिहिणारा हात

आपल्या विद्यालयातील मुलांना मोठेपणी काय व्हायचे आहे असे विचारले, तर ठरलेली उत्तरे येतात : जिल्हाधिकारी, पोलीस अधिकारी, डॉक्टर, अभियंता. बाबासाहेबांचे चरित्र वाचलेला एखादा विद्यार्थी ‘वकील’ म्हणतो. पण वकील म्हणजे काळा कोट घालून न्यायालयात युक्तिवाद करणारा, हेच चित्र त्याच्या डोळ्यांसमोर असते. न्यायालयात ज्या कायद्याचा कीस काढला जातो तो आधी कोणीतरी शब्दाशब्दाने लिहिलेला असतो, याचा विचार सहसा होत नाही. मंत्री विधेयक मांडतात, सभागृह ते संमत करते. परंतु त्यातील वाक्ये बहुधा मंत्र्यांची नसतात आणि आमदारांचीही नसतात. ती विधी व न्याय विभागातील प्रारूपकाराची असतात. लोहाऱ्याच्या या शाळेतून असा एखादा प्रारूपकार घडावा, असे मला मनापासून वाटते.

हे काम बाहेरून फार कोरडे दिसते. एखादा विभाग प्रस्ताव तयार करतो, मंत्रिमंडळ धोरणास मान्यता देते आणि मग ते धोरण कायद्याच्या भाषेत बसविण्यासाठी प्रारूपकाराकडे येते. तो व्याख्या ठरवितो, कलमे व पोटकलमे पाडतो, कोठे परंतुक जोडावे आणि कोठे स्पष्टीकरण द्यावे हे पाहतो. ‘करील’ लिहावे की ‘करू शकेल’, यावर तो तास घालवितो. हा तास वाया गेलेला नसतो. ‘करील’ म्हटले की अधिकाऱ्यावर कर्तव्य येते. ‘करू शकेल’ म्हटले की बहुधा त्याच्या मर्जीवर सोपविले जाते. तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या माणसाला या दोन क्रियापदांतील अंतर कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आपल्याच जिल्ह्याच्या दुखण्याचे उदाहरण घेऊ. सावकार पैसे कर्जाऊ देतो, पण कागद करतो खरेदीखताचा. पुढे शेतकरी फिर्याद घेऊन गेला, की खरेदीखत पुढे केले जाते आणि कर्जाचा मागमूसही उरत नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याच्या कलम १८ मध्ये याच चलाखीला गाठले आहे. कर्जाच्या तारणापोटी स्थावर मालमत्ता विक्री, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल ‘किंवा अन्यथा’ सावकाराकडे गेली असेल, तर जिल्हा निबंधक चौकशी करून तो दस्तऐवज अवैध ठरवू शकतो आणि ताबा परत देवविण्याचा आदेश देऊ शकतो. यातील ‘किंवा अन्यथा’ हे दोन शब्द ज्याने लिहिले, त्याने उद्या निघणाऱ्या नव्या पळवाटेचा विचार आजच केलेला होता. अर्थात निबंधकाने चौकशी केलीच नाही तर काय, हा प्रश्न उरतोच. चांगला मसुदा प्रामाणिक अंमलबजावणीची जागा घेऊ शकत नाही. पण मसुद्यातच भोक असेल, तर प्रामाणिक अधिकाऱ्याचेही हात बांधले जातात.

शब्दाची किंमत आपल्या समाजाने याहून मोठ्या हिशेबात मोजली आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही, असे मुळात लिहिलेले होते. १९५६ मध्ये त्यात शीख धर्माचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि लक्षावधी माणसे त्या परिच्छेदाच्या बाहेर गेली. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, ‘नवबौद्ध’ हा शब्द सरकारी कागदांत रुजला; परंतु केंद्राच्या आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द यायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे! या अवधीत एका पिढीचे शिक्षण व नोकरीचे वय सरून गेले. गंमत अशी की, संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदातील दुसऱ्या स्पष्टीकरणात हिंदूंच्या उल्लेखात बौद्धांचाही समावेश मानावा असे आधीपासूनच होते. पण ते केवळ त्या अनुच्छेदातील एका उपखंडापुरते. एका ठिकाणी न मागता आत घेतले आणि दुसऱ्या ठिकाणी हक्काच्या वेळी बाहेर ठेवले. व्याख्या कोठून कोठपर्यंत लागू, हे वाचता न येणारा समाज अशा वेळी केवळ चकित होतो.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याचेही तेच. १९८९ च्या मूळ अधिनियमात कलम ३(२)(पाच) खाली, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची वा जमातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडल्याचे सिद्ध करावे लागे. मारणाऱ्याच्या मनातील कारण सिद्ध करणे किती दुष्कर आहे, हे सांगायला नको. खैरलांजीच्या खटल्यात आरोपी हत्येचे दोषी ठरले, परंतु या कायद्याखालील आरोप टिकला नाही, ही वेदना विदर्भ विसरलेला नाही. २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ‘या कारणावरून’ऐवजी ती व्यक्ती त्या समाजाची आहे ‘हे माहीत असताना’ अशी शब्दरचना आली. बदल दोन-तीन शब्दांचा, पण पुराव्याचे ओझे त्याने पुष्कळ हलविले.

येथे चळवळीतील काही मित्र एक आक्षेप घेतात. आपल्या माणसाने तेथे बसावे आणि मंत्री सांगतील ते लिहावे, हे कसले कार्य? लेखणी चळवळीची हवी, निःपक्ष लेखणी आपल्या काय कामाची? आक्षेप हलका नाही. परंतु त्याचे उत्तर बाबासाहेबांच्याच वर्तनात आहे. १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी शेती व मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ असावेत, अशी मागणी केली. त्याच वर्षी २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. मसुद्यात मात्र त्यांनी स्वतःचे निवेदन घुसविले नाही. संविधान सभेने ठरविले तेच कलमबद्ध केले. मतासाठी भांडण्याची जागा वेगळी आणि ठरलेले अचूक लिहिण्याची जागा वेगळी, हा विवेक त्यांनी पाळला.

पूर्णपणे पडद्याआड राहिलेली माणसे तर निराळीच. संविधानिक सल्लागार बी. एन. राव यांनी केलेल्या पहिल्या मसुद्यात २४३ अनुच्छेद व १३ परिशिष्टे होती. अंतिम संविधानात ३९५ अनुच्छेद व ८ परिशिष्टे झाली. या वाटचालीत मुख्य प्रारूपकार एस. एन. मुखर्जी होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राव यांना श्रेयाचा वाटा दिला आणि गुंतागुंतीचे प्रस्ताव सोप्या, स्पष्ट कायदेशीर रूपात मांडण्याच्या मुखर्जींच्या हातोटीचा मुक्तकंठाने गौरव केला; मध्यरात्रीनंतरही राबणाऱ्या कर्मचाऱ्यांचीही त्यांनी आठवण ठेवली. मुखर्जींचे नाव आज आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

निःपक्ष असणे म्हणजे मुका असणे नव्हे. चांगला प्रारूपकार विभागाला विचारतो : हा लाभ नक्की कोणाला? निर्णय कोण घेणार, किती दिवसांत? नाकारला तर अपील कोठे? प्रस्ताव समानतेच्या तत्त्वाला छेद देत असेल, तर तसे टिपणीत स्पष्ट नोंदवितो. त्यापुढचा निर्णय निवडून आलेल्यांचा. मला ही मर्यादा मान्य आहे. ती ओलांडणारा प्रारूपकार आज आपल्या बाजूचा असेल, उद्या नसेल.

भाषेचा मुद्दा उरतो. राज्याचे अधिनियम मराठीत प्रसिद्ध होतात, पण अनुच्छेद ३४८ मुळे अर्थाचा वाद झाला की इंग्रजी पाठ अधिकृत ठरतो. म्हणून दोन्ही भाषांवर सारखीच पकड हवी. मराठी पाठाची स्थिती मात्र शोचनीय आहे. एका वाक्यात अर्धे पान संपते, आणि ग्रामसभेत ते मोठ्याने वाचले तर वाचणाराही मध्येच दम घेतो. मराठी माध्यमातून शिकलेला, खेड्यातील बोलणे कानात असलेला मुलगा किंवा मुलगी त्या खुर्चीत बसली, तर हे वाक्य कोठे तोडावे ते त्यांना अधिक चांगले कळेल.

त्यासाठी विधीची पदवी लागेल, ती पुढची गोष्ट. आरंभ ग्रंथालयातून करता येईल. सावकारी अधिनियमाचे मराठी व इंग्रजी दोन्ही पाठ शाळेने आणावेत. दहावीच्या वर्गाने एका शनिवारी कलम १८ शेजारी-शेजारी ठेवून वाचावे आणि आपल्या आजोबांना समजेल अशा मराठीत, एकही अट न गाळता, पुन्हा लिहून पाहावे. पहिल्या खेपेस एखादी अट निश्चित गळेल; कोणती गळली ते मुलांनीच एकमेकांच्या वह्या तपासून शोधावे.