लिफाफ्यावरचा पक्ष

अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस १८४५ च्या कायद्याने ठरलेला आहे: नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. शेतकऱ्याने रविवारची प्रार्थना आटोपून सोमवारी निघावे आणि मंगळवारी मतदानाच्या गावी पोहोचावे, असा तेव्हाचा हिशेब. आज त्या मंगळवारी देशभर सुटी नसते. गोदामात पाळी करणाऱ्याला किंवा दोन नोकऱ्या सांभाळून मुले वाढवणाऱ्या आईला रांगेत तीन तास उभे राहणे परवडत नाही. आगाऊ मतदान आले ते यांच्यासाठी. गेल्या शतकाच्या अखेरीस टेक्सासने वाट दाखवली, २००० मध्ये ओरेगॉनने अध्यक्षीय निवडणूक संपूर्ण टपालाने घेतली आणि २०२० च्या करोनाकाळात दहा कोटींहून अधिक नागरिकांनी मुख्य दिवसाआधीच मत दिले. २०२४ मध्ये साथ नव्हती, तरी हा आकडा आठ कोटींच्या वर राहिला. वयाची शंभरी गाठलेल्या जिमी कार्टर यांनी जॉर्जियात टपालानेच आपले शेवटचे मत दिले.

ही सोय मोडीत काढण्याची भाषा आता थेट अध्यक्षांच्या तोंडी आहे. टपाली मतदान बंद करण्याच्या चळवळीचे नेतृत्व करू, असे डोनाल्ड ट्रम्प यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. २०२० मध्ये याच पद्धतीला त्यांनी घोटाळा ठरवले होते. निकाल फिरेल इतका गैरप्रकार आढळला नाही, असे त्यांच्याच ॲटर्नी जनरलनी त्या डिसेंबरात सांगितले. २०२४ मध्ये मात्र त्यांच्या पक्षाने समर्थकांना लवकर मत द्या म्हणून विनवले. नेव्हाडात आगाऊ मतदानात रिपब्लिकन पुढे राहिले आणि २००४ नंतर प्रथमच ते राज्य त्या पक्षाकडे आले. फायदा दिसला तेव्हा पद्धत चांगली आणि सत्ता हाती आल्यावर तीच संशयास्पद, हे मतदारांशी प्रामाणिक वागणे नाही. डेमोक्रॅटही या बाबतीत निर्दोष नाहीत. आगाऊ मत म्हणजे आपलेच मत, हे त्यांनी वर्षानुवर्षे गृहीत धरले.

या गृहीतकाचे मूळ याद्यांमध्ये आहे. सुमारे तीस राज्यांत मतदार नोंदणी करताना पक्षही नोंदवतो. आगाऊ मत कोणाला दिले ते गुप्तच राहते, पण कोणी दिले ते रोज कळते. दोन्ही पक्ष त्या याद्या घेतात, मत देऊन आलेल्यांची नावे खोडतात, उरलेल्यांचे दरवाजे ठोठावतात. इथपर्यंत ठीक. पण वाहिन्या त्याच याद्यांवरून निकालाचे ठोकताळे मांडू लागतात, तेव्हा लिफाफ्यावरचा पक्ष आणि आतले मत एकच, असे मानले जाते. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियात परत आलेल्या टपाली मतांत डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले सुमारे चार लाखांनी जास्त होते. ते राज्य ट्रम्प यांनी सुमारे एक लाख वीस हजार मतांनी जिंकले.

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांद नदीकाठी स्टार काउंटी आहे. वस्ती जवळजवळ संपूर्ण लॅटिनो, मजुरी आणि तेलक्षेत्रातल्या कामावर जगणारी. इथे १८९२ नंतर एकाही रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवाराला बहुमत मिळाले नव्हते. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना जवळपास ७९ टक्के मते मिळाली. २०२० मध्ये बायडन कसेबसे पुढे राहिले. २०२४ मध्ये ट्रम्प यांनी सुमारे ५८ टक्के मते घेतली. टेक्सासमध्ये पक्षनोंदणीच नाही. प्राथमिक फेरीत कोणाच्या मतपत्रिकेवर मत दिले, एवढ्यावरून माणसाचा पक्ष ठरवतात. स्टारमधली न्यायाधीश-शेरीफची लढत डेमोक्रॅटिक फेरीतच निकालात निघे, म्हणून लोक तिथे जात. कागदोपत्री ते डेमोक्रॅट राहिले आणि दरम्यान किराणा, पेट्रोल, सीमेवरची नोकरी यांचा विचार करून मनाने दुसरीकडे गेले. त्यांच्या निवडीशी आपण सहमत असू वा नसू, त्यांना कोणी फितूर म्हणण्याचे कारण नाही. त्यांना हक्काची मते समजून वर्षानुवर्षे त्यांच्याकडे न फिरकलेल्या पक्षाने आत्मपरीक्षण करायला हवे.

हीच चलबिचल आपल्या माणसांतही आहे. कार्नेगी एन्डॉवमेंटच्या पाहण्यांनुसार स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणारे भारतीय-अमेरिकन २०२० मध्ये ५६ टक्के होते, २०२४ मध्ये ४७ टक्के. एडिसन परिसरात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, त्या न्यू जर्सीत डेमोक्रॅटिक आघाडी सुमारे सोळा टक्क्यांवरून सहावर आली. सगळ्यांचे मन बदलले असे नव्हे. अनेक जुने समर्थक मतदानालाच गेले नाहीत.

आगाऊ मतदानात उणिवा आहेत, त्या मान्य करायला हव्यात. व्हर्जिनियात प्रत्यक्ष मतदान २० सप्टेंबर २०२४ ला सुरू झाले; उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांचा वादविवाद १ ऑक्टोबरला झाला. ज्याचे मत अजून डळमळते आहे त्याने इतक्या लवकर शिक्का मारणे योग्य नाही, आणि दिलेले मत सहसा परत घेता येत नाही. परदेशातले सैनिक व नागरिक यांच्या मतपत्रिका ४५ दिवस आधी निघायलाच हव्यात, पण इतरांसाठी सुट्यांचे दिवस धरून दोन-तीन आठवडे पुरेसे आहेत. अलाबामा, मिसिसिपी आणि न्यू हॅम्पशायर या तीन राज्यांत केंद्रावर जाऊन आगाऊ मत देण्याची सर्वसाधारण सोय २०२४ मध्येही नव्हती. ती त्यांनी द्यावी.

सर्वांत तातडीचे काम मोजणीचे आहे. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार टपाली लिफाफे मतदानाच्या दिवशी सकाळी सातपूर्वी उघडता येत नाहीत. २०२० मध्ये त्यामुळे आधी केंद्रांवरची मते मोजली गेली, ट्रम्प पुढे दिसले, मग टपाली मतांनी बायडन वर आले आणि निकाल स्पष्ट व्हायला शनिवार उजाडला. त्या चार दिवसांत पसरलेल्या अफवांची किंमत ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प समर्थकांच्या हल्ल्यात अमेरिकेच्या संसद भवनाने मोजली. फ्लोरिडात लिफाफ्यांची छाननी आधीच होते, त्यामुळे बहुतेक आकडे त्याच रात्री हाती येतात. तिथे सत्ता रिपब्लिकनांचीच आहे. फिलाडेल्फियाच्या निवडणूक कर्मचाऱ्यांना काही दिवस आधी लिफाफे उघडण्याची मुभा देणारी दुरुस्ती पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने २०२८ पूर्वी करावी, आणि ती दोन्ही पक्षांच्या मतांनी व्हावी.