डोकेदुखीचें 'असेल'

घरांतील एखादी स्त्री स्तनाच्या कर्करोगांतून उठली, म्हणजे सर्वांस हायसें वाटतें. पुढें कधीं तिचें डोकें दुखूं लागलें, तर सासूबाई म्हणतात, 'पित्त असेल'. दीर म्हणतात, 'चष्मा बदलावयास झाला असेल'. आणि ती स्वतः सुंठेचा लेप लावून पुन्हां पोळ्या लाटावयास बसते. या 'असेल'विषयीं आज आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत.

लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनीं १८८९ मध्यें स्तनाच्या कर्करोगानें दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून असें प्रतिपादिलें कीं, हा रोग वाटेल तेथें पसरत नाहीं. बीज चोहोंकडे उडालें तरी मानवेल त्याच क्षेत्रांत रुजतें. 'हेर-टू' हें प्रथिन अतिरिक्त असलेला आणि 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणून ओळखला जाणारा, या दोन उग्र प्रकारांस मेंदूचें क्षेत्र विशेष मानवतें. पहिला प्रकार दूरवर पसरला असतां निम्म्यापर्यंत रुग्णांच्या मेंदूंत तो केव्हां ना केव्हां उतरतो.

मेंदूंतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींस इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात कीं, रक्तांतील पुष्कळ द्रव्यें आंत जाऊं शकत नाहींत. ही तटबंदी मेंदूचें रक्षण करते. पण रोगपेशी आंत शिरली, कीं तीच तटबंदी औषधास बाहेर अडविते. १९९८ मध्यें अमेरिकेंत मान्य झालेल्या ट्रॅस्टुझुमॅबनें अनेकींचें आयुष्य वाढविलें. परंतु त्याचा रेणु मोठा, म्हणून मेंदूंत तो फारच थोडा पोंचतो. यास्तव अंगांतील रोग शांत असतांही मस्तकांतील वाढूं शकतो. 'बाकीच्या तपासण्या उत्तम आल्या', एवढ्यावर निश्चिंत राहूं नये.

प्रत्येक डोकेदुखी कर्करोगाची नव्हे, हें खरें. तथापि सकाळीं वाढणारी नवी डोकेदुखी, ओकारी, अंधुक दिसणें, तोल जाणें, शब्द न सुचणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास तिच्या कर्करोगतज्ज्ञांस विनाविलंब कळवावें. झटका आला किंवा एक बाजू लुळी पडली, तर त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. एम.आर.आय.नें निदान होतें. शस्त्रक्रिया आहे, नेमक्या जागीं किरण देतां येतात, आणि मेंदूंतील रोगावरही परिणाम करणारें टुकॅटिनिब २०२० मध्यें अमेरिकेंत मान्य झालें आहे. रोग समूळ जाईलच असें नाहीं. पण गांठी लहान व थोड्या असतांना हातीं उपाय अधिक असतात.

स्वभावांतील बदल रुग्णास स्वतःस क्वचितच उमगतो. तो उमगतो जावेला, नणंदेला. वीस वर्षें घरखर्च चोख लिहिणारीची बेरीज चुकूं लागली, तर तिला विसराळू म्हणून हंसूं नये. तिला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावें.