रोजगार हमीच्या कराचे ओझे अल्पवेतनी नोकरदारांवर

केज : केजच्या बाजारपेठेत दरमहा २० हजार रुपये कमावणाऱ्या पुरुष नोकरदाराच्या पगारातून मालकाला वर्षाकाठी अडीच हजार रुपये व्यवसाय कर कापावा लागतो. रोजगार हमी योजनेच्या निधीसाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये हा कर लागू केला. कर्नाटकात मात्र २०२३ पासून २५ हजारांखालील वेतन करमुक्त आहे. राजस्थानात हा करच नाही. राज्यघटनेने कमाल मर्यादा अडीच हजारांवर बांधल्याने लाखाचा पगारदारही तेवढाच कर भरतो. दुसरीकडे, केज तालुक्यातील मजुरांना ऊसतोडीसाठी आजही परजिल्ह्यांत जावे लागते. वसुली चोख, हमी अपुरी, असे हे चित्र आहे. महिलांना २०२३ मध्ये मिळालेली २५ हजारांपर्यंतची सूट आता पुरुषांनाही देणे न्याय्य ठरेल.