वेग आणि धक्का

अमेरिकेंतील बेसबॉलचा खेळ संथ आहे; त्यास गति द्यावी, शिवाय हुतूतूप्रमाणें अंगाशीं अंग भिडविण्याची मुभाही द्यावी, म्हणजे एक नवाच जोरकस खेळ निर्माण होईल, अशी कल्पना कित्येक तरुणांस सुचते. कल्पना मोहक खरी. परंतु वेग आणि धक्का हे दोन बैल एका गाडीस जुंपतां येतील काय, हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो.

ह्या खेळांत चेंडू टोलवून चार ठाण्यांस वळसा घालावयाचा असतो. एकोणिसाव्या शतकांत मॅसॅच्युसेट्स प्रांतीं धांवणाऱ्यास चेंडू फेकून मारला कीं तो बाद होई. आपल्या आबाधुबीचीच ही तऱ्हा! अर्थात् अंगावर आघात ही नवी युक्ति नव्हे. पण अंगावर मारावयाचा चेंडू मऊच हवा, आणि मऊ चेंडू फार दूर जात नाहीं. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर मंडळानें १८४५ सालीं लिहिलेल्या नियमांत अशा माऱ्यास मनाई केली. मग कठीण चेंडू वापरण्यास अडचण उरली नाहीं, आणि धांवणारा व फेक यांची खरी शर्यत लागली.

धक्का मात्र शेवटच्या ठाण्यापाशीं टिकून राहिला. २०११ सालीं बस्टर पोझी ह्या नामांकित खेळाडूचा पाय तेथील टकरींत मोडला व त्याचा तो हंगाम संपला. २०१४ पासून अमेरिकेच्या प्रमुख स्पर्धेंत अशा टकरींवर निर्बंध आला. वेग आला तो निराळ्याच वाटेनें. २०२३ पासून, ठाणीं रिकामीं असतां चेंडू टाकणारास १५ सेकंदांची मर्यादा घातली. तेवढ्यानें त्या वर्षीं सामन्याचा सरासरी काल सुमारें २४ मिनिटांनीं घटला.

फिनलंडच्या लाउरी पिहकाला यांनीं १९२२ च्या सुमारास रचलेला 'पेसापल्लो' हा खेळ तर ह्याहून बोधप्रद आहे. त्यांत टाकणारा फलंदाजाजवळच उभा राहून चेंडू सरळ वर उडवितो. टोला सहज बसतो, आणि सर्वांची धांवपळ सुरू होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकांत त्याचें प्रात्यक्षिकही झालें. संस्कृतांत 'लाघव' ह्या एकाच शब्दानें हलकेपणा व चपळाई हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात, तें उगीच नव्हे.

झोंबीची हौस गैर नाहीं. कुस्ती आहे, हुतूतू आहे. पण तेथें हातांत दांडू नसतो, कठीण चेंडूही नसतो. तेव्हां घरच्या मुलांनीं अंगणांत नवा खेळ काढल्यास वडीलधाऱ्यांनीं त्यांस दटावूं नये. नियम मात्र कागदावर लिहवून घ्यावे: चेंडू कसा असावा, दांडू कोठें टाकावा, कोणास शिवावें, आणि कोणास मुळींच ढकलूं नये. इतकें लिहितां लिहितां निम्मा खेळ मुलें स्वतःच सुधारतील, अशी आमची खात्री आहे.