पाण्यावर नव्हे, उन्हावर

मुंबई-गोवा महामार्गाला कोल्हापूरचा रस्ता जेथे मिळतो, त्या पालीहून आंबा घाटाकडे वळणाऱ्या मालमोटारी डिझेल जाळीत चढण चढतात. हे डिझेल बहुतांशी आयात खनिज तेलाचे. तेव्हा सौर विजेने तयार केलेल्या हायड्रोजनवर याच गाड्या का चालवू नयेत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मात्र उत्साहाने नव्हे, हिशेबाने द्यावयास हवे.

असे रूपांतर अशक्य नाही. हायड्रोजन आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगातून वीज निर्माण करणारा देशी बनावटीचा इंधनघट विजेच्या मोटारीत बसवून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ऑक्टोबर २०२० मध्ये तिची चाचणी यशस्वी झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच इंधनघटावरील बसही सादर झाली.

परंतु अशा गाडीला ‘पाण्यावर चालणारी’ म्हणणे ही दिशाभूल होय. पाणी हा कच्चा माल, शक्ती उन्हाची. एक किलो हायड्रोजनसाठी किमान ९ लिटर शुद्ध पाणी आणि ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या हायड्रोजनमधील ऊर्जा सुमारे ३३ युनिट. आणि दाब देऊन साठविणे, पुन्हा वीज करणे यांत घट होऊन मूळ विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. तीच वीज थेट बॅटरीत भरल्यास दोन तृतीयांशांहून अधिक कामी येते.

याचा अर्थ हायड्रोजन त्याज्य आहे असा नव्हे. रिक्षा आणि दुचाकी यांना बॅटरी पुरेशी आहे. लांब पल्ल्याच्या अवजड वाहतुकीत मात्र बॅटरीचे वजन आणि ती भरण्यास लागणारा वेळ अडचणीचा ठरतो; तेथे हायड्रोजनचा विचार अवश्य व्हावा. पण वातावरणाच्या साडेतीनशे पट दाब सोसणाऱ्या टाक्या बसविणे हे नाक्यावरच्या गॅरेजचे काम नव्हे. शिवाय खत आणि तेलशुद्धीकरण कारखाने आजही प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनवितात. सौर हायड्रोजनवर पहिला हक्क त्यांचा.

केंद्राने २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांची हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली आणि राज्यानेही त्याच वर्षी आपले धोरण स्वीकारले. हा पैसा जनतेचा आहे. म्हणून किती युनिट विजेत किती टन माल किती किलोमीटर गेला, हे प्रत्येक प्रकल्पाने जाहीर केले पाहिजे. घाट घोषणांनी चढता येत नाही.